पोराला विचारलं का?

धुळे
२४ एप्रिल २०२५

लुकमानभाऊंना शांतवनचा सलाम.

परवा फोन केला होता. हलीमावहिनींनी उचलला आणि तुमच्या कानाला लावला. तुम्ही बराच वेळ "कोण? कोण?" करत राहिलात आणि शेवटी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. एका गाडीवर तुम्ही ड्रायव्हर, मी कंडक्टर, निम्मी नोकरी एका डब्यात जेवलो आणि आता मी राँग नंबर! एस.टी.च्या इंजिनाने तुमचे कान खाल्ले ते खाल्लेच, वर मला पत्रं लिहायला लावताय. माझं अक्षर छान आहे असं तुम्हीच म्हणायचात. भोगा आता.

बातमी मोठी आहे. ईस्टरच्या उपासनेत मी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायला, उभा राहिलो. मंडळीत मी कधी तोंड उघडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, बोलायचा माझा वाटा गाडीतच संपला. पण उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आमचा स्तवन जूनपासून सेमिनरीत जाणार आणि शिकून चर्चचा पाळक होणार. मंडळीने टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी स्तवनला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाने माणूस रडतोच.

तुम्हाला यामागची गोष्ट कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. स्तवन चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. तुम्ही बदली कंडक्टर घेऊन रावेरची फेरी केलीत आणि खाकी कपड्यांतच दवाखान्यात आलात. तुम्ही यायच्या थोडं आधी डॉक्टरांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं. मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्याशी गुडघे टेकले आणि म्हटलं, प्रभू, हा वाचला तर तुझा, तुझ्या सेवेला देईन. तो वाचला. तेव्हापासून तो शब्द माझ्या छातीवर बसून आहे. पोराला साधा ताप आला तरी वाटतं, ज्याने दिलं तो मागायला आला. शब्द मोडला आणि त्याला काही झालं तर मी काय करू, लुकमानभाऊ? एकुलता एक आहे. म्हणून त्या दिवशी टाळ्या वाजल्या तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

निरोपाची प्रार्थना १५ जूनला, रविवारी, उपासनेनंतर ठेवली आहे. तुम्ही आणि वहिनी यायचंच. सुवार्ता म्हणते, भाऊजींना सांगा, शेवभाजी त्यांना हवी तशी करीन, डोळ्यांतून पाणी काढणारी.

तुमचा
शांतवन


यावल
४ मे २०२५

शांतवनला लुकमानचा सलाम. सुवार्ताला आणि स्तवनला दुआ.

त्या दिवशी फोनवर तू होतास हे हलीमाने मला नंतर पाटीवर लिहून दाखवलं. मला तो आवाज कर्ज देणाऱ्या बँकेच्या माणसासारखा वाटला. म्हातारपणी तुझा आवाज गोड झालाय, जप.

बातमी वाचून बरं वाटलं. त्या दिवशीचा दवाखाना माझ्या डोळ्यांपुढे आहे. तू काय बोलला होतास ते मला माहीत नव्हतं, पण मी घरी जाऊन तुझी हालत सांगितली, तेव्हा हलीमाने रोजे मानले होते. तेव्हा त्या पोरात थोडा वाटा आमचाही आहे. म्हणून एक विचारतो. तू स्तवनला विचारलंस का? चष्मा लावून दोनदा पत्र वाचलं, तू उभा राहिलास, तू जाहीर केलंस, मंडळीने टाळ्या वाजवल्या. पोरगा काय म्हणाला ते मला कुठे सापडलं नाही.

बकरी ईद जवळ येतेय म्हणून आमच्या मौलानांनी जुम्म्याला इब्राहिम अलैहिस्सलामची गोष्ट सांगितली. मला ऐकू येत नाही, म्हणून मी पहिल्या रांगेत त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि नंतर घरी बोलावून पुन्हा सांगायला लावतो. चहा पाजावा लागतो. तर, इब्राहिमना स्वप्न पडलं की लेकाची कुर्बानी देतोय. नबीचं स्वप्न म्हणजे अल्लाचा हुकूमच. विचारायची गरज होती का? नव्हती. तरी त्यांनी लेकाला सांगितलं, बेटा, मी असं स्वप्न बघतोय, तुझं म्हणणं काय आहे ते बघ. लेक म्हणाला, अब्बा, हुकूम झालाय तसं करा, अल्लाच्या मर्जीने मी सबर करीन. मग दोघांनी मान तुकवली. मौलाना म्हणाले, एकट्या बापाने नाही, दोघांनी, हे ध्यानात ठेवा. अशा बापाला आम्ही खलील म्हणतो, अल्लाचा दोस्त.

आपल्यात विचारायची रीत ही अशी जुनी आहे. आमच्या मुस्कानला चोपड्याचं स्थळ आलंय. मुलगा शिक्षक, घर चांगलं, केळीची बाग. मी तिला समोर बसवून विचारलं, बेटा, तुझं म्हणणं काय? ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं, बा. झालं. मन मोकळं झालं. तूही विचार आणि मोकळा हो, एवढंच.

बोकड आणलाय. हलीमाच्या कढीपत्त्याचं झाड खाऊन टाकलं. त्याची कुर्बानी ईदच्या आधीच होते की काय असं घरात वातावरण आहे.

लुकमान


धुळे
१२ मे २०२५

लुकमानभाऊ, सलाम.

तुमचं पत्र वाचून राग आला. सुवार्ता म्हणाली, दोन दिवस थांबून लिहा. थांबलो, तरी थोडा उरलाच आहे, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट. आमच्या शास्त्रात तो मुलगा तुम्ही मानता तो इश्माएल नाही, इसहाक आहे. साराला म्हातारपणी झालेला. नाव घेऊन सांगितलंय. इश्माएल आणि त्याची आई हागार यांना त्याआधीच घराबाहेर काढलेलं होतं, ते मलाही कधी बरं वाटलं नाही, पण आहे ते आहे.

दुसरी गोष्ट. आमच्या अब्राहामाने कोणालाच विचारलं नाही. बायकोला नाही, चाकरांना नाही, पोराला तर नाहीच. देवाने सांगितलं, हा पहाटे उठला, गाढवावर खोगीर घातलं, लाकडं फोडली, पोराला घेतलं आणि निघाला. तिसऱ्या दिवशी लांबून ती जागा दिसली. चाकरांना म्हणाला, तुम्ही इथे थांबा, आम्ही दोघं वर जाऊन भजन करून परत येतो. लाकडं पोराच्या अंगावर दिली, विस्तव आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली. चालता चालता पोरगा म्हणाला, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? बाप म्हणाला, बाळा, ते देव स्वतः बघून देईल. आणि दोघं पुढे चालत राहिले. सुरी उचलली तेव्हा दूताने हाक मारून थांबवलं, आणि झुडपात शिंगं अडकलेला एक एडका दिसला.

यालाच आम्ही विश्वास म्हणतो. अब्राहाम आमचा विश्वासाचा बाप आहे तो यामुळे. सगळ्यांची संमती घेऊन निघाला असता तर त्याचा विश्वास कुठे दिसला असता? आणि आम्ही ख्रिस्ती लोक या गोष्टीत पुढचंही बघतो. देवाने अब्राहामाचा मुलगा वाचवला, पण स्वतःचा राखून ठेवला नाही, आपल्यासाठी दिला. आमची गोष्ट वधस्तंभापर्यंत जाते. तुमची तिथे जात नाही हे मला माहीत आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

राहिला स्तवन. स्तवन शहाणा मुलगा आहे, त्याला विचारायची वेळ मी कधी येऊ दिली नाही. परवा एवढंच म्हणाला, "पप्पा, सामान झालं, प्रवेश झाला, पण तिथे मला माझ्या पाचारणाबद्दल विचारतील तेव्हा काय सांगू?" देवाने मला हाक मारली हे माणसाला आतून कळतं, त्याला आमच्यात पाचारण म्हणतात. मी म्हटलं, तू जा तर खरा, देव सुचवील. त्यानंतर तो काही बोलला नाही. म्हणजे त्याला पटलं.

मुस्कानचं ठरतंय हे ऐकून आम्हा दोघांना आनंद झाला. तारीख कळवा. बोकडाला माझा सलाम सांगा, त्याची बाजू मला पटते.

शांतवन


यावल
२९ मे २०२५

शांतवन, सलाम.

उत्तराला उशीर झाला. तुला वाटलं असेल म्हातारा रुसला. रुसलो नव्हतो, तुझ्या पत्राने घरात एक काम काढलं होतं.

आधी भांडणाचं उरकतो. इस्माईल की इसहाक हे मौलानांना विचारलं. ते म्हणाले, कुराणात त्या जागी लेकाचं नाव घेतलेलं नाही, पण आपले बहुतेक सगळे इस्माईलच मानतात. मीही मानतो. आणि अल्लाला लेक नसतो, हे आमचं अगदी मुळातलं आहे. तिथे तू तुझ्या बाजूला, मी माझ्या. गाडीत तरी आपण कुठे एका सीटवर बसायचो? रावेरला मात्र दोघं पोचायचो.

आता खरं लिहितो. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. पोरगा चालता चालता कोकरू कुठे म्हणून विचारतो, ती. आमच्याकडे बाप विचारतो. तुमच्याकडे पोरगा विचारतो. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. त्याला सगळं दिसत होतं, बिचाऱ्याला. त्याने सरळ "मला मारणार का?" असं विचारलं नाही, कोकराचं विचारलं. पोरं अशीच विचारतात.

मग मनात आलं, मुस्कान "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, पण त्याआधी तिने काही विचारलं होतं का? हलीमाला विचारलं. ती पोळ्या लाटायची थांबली. म्हणाली, "तिनं तुमाले दोनदा इचारलं. चोपड्याले गेल्यावर माही नोकरी राहीन का? तुम्ही म्हने, ते सासरचे पाह्यतीन." मुस्कान भुसावळला लॅबमध्ये रक्त तपासते, तुला माहीत आहे. त्या नोकरीसाठी रोज एस.टी.ने उभी जाते.

मी पोरीला बोलावलं आणि म्हटलं, बेटा, तू मला काय विचारलं होतंस ते पुन्हा विचार. तिने तोंड उघडण्याआधी डोळे पुसले. शांतवन, मला माझी शरम वाटली. मी रीत पाळली होती, पण मी "हो" ऐकायला विचारलं होतं. बापाच्या तोंडाकडे बघून पोरं "हो" म्हणतात, त्याला कबूल म्हणायचं का? चोपड्याला निरोप पाठवलाय की आधी नोकरीचं बोलू. हलीमा म्हणते स्थळ हातचं जाईल. जाईना का.

आता तुझ्याकडे येतो. तुझ्याच पत्रातले तुझ्याच हातचे शब्द खाली उतरवतोय. "सामान झालं, प्रवेश झाला, पण तिथे मला माझ्या पाचारणाबद्दल विचारतील तेव्हा काय सांगू?" आणि त्याखाली तुझं उत्तर, "देव सुचवील." आता तूच सांग, हे सवाल-जवाब तू याआधी कुठे वाचलेस? त्याच पत्रात, थोडं वर. कंडक्टर असून तुला दोन तिकिटं सारखी दिसली नाहीत?

आणि त्या भीतीचं. तू पहिल्या पत्रात विचारलंस, शब्द मोडला आणि पोराला काही झालं तर? मी शिकलेला माणूस नाही. पण सुरी तुमच्याकडेही चालली नाही आणि आमच्याकडेही चालली नाही. ज्याने मागितलं त्यानेच थांबवलं. यात तुझ्या-माझ्यात काही फरक नाही. मग स्तवनच्या मागे इतकी वर्षं सुरी घेऊन कोण फिरतंय? मला तरी तूच दिसतोस. रागाव हवं तर.

लुकमान


यावल
९ जून २०२५

शांतवन, सलाम.

ईद झाली. तुझं उत्तर नाही.

बोकडाच्या दिवशी सकाळी हलीमा रडली. कढीपत्ता खाल्ला म्हणून महिनाभर त्याला शिव्या घालत होती आणि त्याच हाताने भाकरीही चारत होती. मौलाना म्हणतात, ज्याच्यावर जीव नाही त्याची कुर्बानी कसली. मला नमाजाच्या वेळी तुझं घर आठवत राहिलं.

सुरीचं लिहिलं ते जास्त झालं असेल. हलीमा म्हणते, माणसाच्या दुखऱ्या जागेवर असं बोट ठेवू नये, आणि ठेवायचं तर समोर बसून ठेवावं, टपालाने नाही. बरोबर आहे तिचं. तू बाप आहेस. तो वॉर्डाबाहेरचा बाकडा तुझा होता, माझा नव्हता.

१५ तारखेला येऊ की नको तेवढं कळव. पोराचं जायचं ठरलंच असेल तर मी दुआ द्यायला येईन, तोंड बंद ठेवीन आणि शेवभाजी खाईन.

लुकमान


धुळे
१७ जून २०२५

लुकमानभाऊंना शांतवनचा सलाम. वहिनींना सलाम, मुस्कानला आशीर्वाद.

मुस्कानच्या मोबाईलवर मी एक ओळ पाठवली होती, की येऊ नका, कार्यक्रम रद्द झालाय. तुम्ही काळजीत पडला असाल. सगळे बरे आहेत. आता नीट सांगतो.

तुमचं सुरीचं पत्र वाचून मी ते फाडणार होतो. तुम्हाला जबरदस्त उत्तर द्यायचं म्हणून शास्त्र उघडलं आणि तो अध्याय पहिल्यापासून वाचायला घेतला. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय, की एडका सापडला की आमचं लक्ष उडतं. या वेळी तुम्हाला हाणायला काही सापडतं का बघत शेवटपर्यंत वाचला. वर जाताना तो चाकरांना सांगून गेला होता, आम्ही दोघं परत येतो. आणि परत येतानाचं लिहिलंय, अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत आला. अब्राहाम. इसहाकाचं नाव नाही. मुलगा उतरला असणारच, पुढे त्याचं लग्न होतं, त्याला लेकरं होतात. पण त्या डोंगरानंतर बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलल्याचं मला कुठे सापडलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, लिहिलेलं नाही म्हणजे घडलं नाही असं नव्हे. खरं आहे. पण मी घरी येऊन स्तवनकडे बघितलं. हो, नाही, जेवलो, झोपतो. ईस्टरपासून तो माझ्याशी एवढंच बोलत होता आणि मी त्याला आज्ञाधारकपणा समजत होतो. पोरगा जिवंत राहील, सेमिनरीत जाईल, पाळक होईल, आणि माझ्याशी कधी बोलणार नाही.

तरी विचारायला धीर होईना. गेल्या बुधवारी आम्ही दोघं मोटारसायकलवर पारोळ्याला निघालो होतो, माझ्या बहिणीला निरोपाच्या प्रार्थनेचं आमंत्रण द्यायला. तो चालवत होता, मी मागे. गाडीवर तोंड दिसत नाही, म्हणून विचारता येईल असं वाटलं, पण तसंही जमलं नाही. शेवटी रसवंतीपाशी थांबायला लावलं. रसाचा ग्लास हातात घेऊन मी काय विचारलं असेल? "कुठं जायचं?" दुसरे शब्दच आले नाहीत. उभी नोकरी अनोळखी माणसांना हे विचारल्याशिवाय मी तिकीट फाडलं नाही, आणि घरच्या पोराचं न विचारता फाडून मोकळा झालो होतो.

तो म्हणाला, "पारोळ्याला ना?" मी म्हटलं, "नाही रे. पुढे. आयुष्यात." तो ग्लासात बघून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा."

तुमचं पत्र आलं नसतं तर मी तिथेच "प्रभूची स्तुती असो" म्हणून गाडीवर बसलो असतो. पण मला मुस्कान आठवली. मी म्हटलं, "तू मला पाचारणाचं विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही, टाळलं. आज देतो. तुला पाचारण झालंय की नाही हे मला माहीत नाही. मला फक्त भीती वाटते. तू लहान असताना मी देवाला शब्द दिलाय, तो मोडला तर तो तुला नेईल अशी भीती वाटते." लुकमानभाऊ, हे मी सुवार्ताशीही इतकं स्पष्ट कधी बोललो नव्हतो. रसवाला ग्लास मागत होता आणि मी रडत होतो.

स्तवनने माझ्या हातातला ग्लास घेऊन त्याला दिला. म्हणाला, "मला वाटत होतं तुम्हाला मी नकोसा झालोय म्हणून देऊन टाकताय. तुम्ही मला वाचवताय हे मला कोणी सांगितलंच नाही." आणि मग म्हणाला, "पप्पा, मला मातीचं शिकायचंय." मला वाटलं काही आध्यात्मिक असेल. तर नाही, खरीच माती. शेतातली. माती तपासायची, कशात काय कमी आहे ते सांगायचं, त्याचं पुढचं शिक्षण असतं म्हणे. प्रार्थना करतो, देवावर विश्वास आहे, पण पाळक होण्याची हाक आलेली नाही आणि खोटी साक्ष द्यायची नाही, असं सरळ म्हणाला. आम्ही पारोळ्याला न जाता तिथूनच परत फिरलो.

भीती गेली असं लिहिणार नाही. आज सकाळी तो शिंकला तरी मी दचकलो. पण ती भीती आता माझ्यापाशी आहे, त्याच्या अंगावर लादलेली नाही.

शनिवारी पाळकसाहेबांकडे गेलो. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मंडळीसमोर तुम्हीच दिलंत, आता तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही." म्हणून रविवारी, ज्या दिवशी निरोप द्यायचा होता त्याच दिवशी, मी पुन्हा उभा राहिलो. म्हटलं, "ईस्टरला मी माझ्या मुलाला देवाच्या सेवेला दिलं. शब्द माझा होता, आयुष्य त्याचं होतं. तो जाणार नाही. शब्द मी दिलाय, तर सेवाही मीच करीन. स्तवन लहानपणी जिथे वाचला त्या दवाखान्यात ज्यांच्यापाशी बसायला कोणी नसतं, त्यांच्यापाशी मी जाऊन बसेन." तुम्ही हसाल. झुडपात शिंगं अडकलेला म्हातारा एडका मीच निघालो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या बाकावरून मगनआबा उठले. आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडील, मला नाव त्यांनीच सुचवलेलं. ते मोठ्याने म्हणाले, "देवले देयेल शबद माघारी लेतस का रे, शांतवन?" त्याचं उत्तर माझ्यापाशी अजूनही नाही. मी तसाच उभा राहिलो आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मागून स्तवन उठला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हात खिशात घातले, मग आईने बघितलं म्हणून बाहेर काढले. म्हणाला, "आबा, माझी पण एक साक्ष आहे. लहानच आहे. माझ्या पप्पांनी मला विचारलं." आणि खाली बसला.

मगनआबा उभेच होते. ते मागे वळून त्याच्याकडे बघत राहिले, मग काठी टेकून हळूच बसले. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. घरी येताना सुवार्ता पुढे चालत होती आणि आम्ही दोघं मागे. स्तवन सारखा बोलत होता, लुकमानभाऊ. काळी माती, चोपण जमीन, तुमच्याकडच्या केळीच्या बागांना काय कमी पडतं ते. मला निम्मं कळलं नाही. मी मध्येच "म्हणजे काय रे?" म्हणून विचारत होतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

तुमचा
शांतवन